पाऊस पडला की वे-ब्रिजचा झिरो सरकतो: लोडसेल बदलण्याआधी काय तपासायचं

पावसाची एक जोरदार सर येऊन जाते आणि रिकाम्या वे-ब्रिजवर, म्हणजे ट्रक तोलायच्या काट्यावर, ४० किलो दिसू लागतात. ऑपरेटर झिरो मारतो, म्हणजे बटण दाबून आकडा शून्यावर आणतो. तासाभराने ८०. पुन्हा झिरो. दोन दिवस कडक ऊन पडलं की सगळं आपोआप सुरळीत होतं. मग कोणीतरी ठामपणे सांगतं, लोडसेल (प्लॅटफॉर्मखालचा वजन मोजणारा सेल) गेलाय. एक सेल बदलला जातो, आठवडाभर काटा बरा चालतो, आणि पुढच्या पावसात पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

ही तक्रार साखर कारखान्यांवर, खडी क्रशरवर, बाजार समित्यांत, भंगाराच्या यार्डात, सगळीकडे सारखीच ऐकू येते. पैसे बहुतेक वेळा सेलवर खर्च होतात आणि दोष बहुतेक वेळा सेलच्या बाहेर असतो. म्हणून सेलपर्यंत पोचायच्या आधी काय काय बघायचं, ते क्रमाने लिहितो.

हिशेबासाठी काटा असा धरू: क्षमता ६० टन, प्लॅटफॉर्म १८ मीटर बाय ३ मीटर, खाली ३० टनी ६ लोडसेल, प्रत्येकाचं आउटपुट २ मिलिव्होल्ट प्रति व्होल्ट, इंडिकेटरकडून (वजन दाखवणाऱ्या पेटीकडून) १० व्होल्टचा पुरवठा आणि डिस्प्लेची पायरी १० किलो, म्हणजे आकडा १०-१० किलोंनीच बदलतो. तुमच्याकडे ८ सेल असतील किंवा पुरवठा ५ व्होल्टचा असेल तर आकडे बदलतील, तपासायची रीत तीच राहील.

आधी खराटा घ्या

१८ बाय ३ म्हणजे ५४ चौरस मीटर. त्यावर फक्त १ मिलिमीटर पाणी साचलं तरी ते ५४ लिटर, म्हणजे ५४ किलो झालं. डिस्प्लेवरच्या पाच पायऱ्या तिथेच गेल्या. प्लेटला मध्ये झोळ असेल तर पाणी त्याहून जास्त साचतं, शिवाय टायरला लागून आलेला चिखल, खडीची भुकटी, उसाचं पाचट हे सगळं वजनच आहे. अशा वेळी काटा खोटं बोलत नसतो, ५४ किलो पाणी तो इमानदारीने मोजत असतो. पाणी झाडून काढा, चिखल खरवडा, मग आकडा बघा. आकडा शून्यावर आला तर पुढचं वाचायची गरज नाही. प्लेटला पाणी निघून जाण्यासाठी उतार आणि भोकं आहेत का, एवढं मात्र बघून ठेवा.

प्लॅटफॉर्मच्या चारही बाजूंच्या फटीही याच वेळी तपासून घ्याव्यात. फटीत अडकलेला एखादा खडा प्लॅटफॉर्मचा थोडा भार स्वतःवर घेतो, आणि मग वाहन उतरल्यावर काटा शून्यावर परत येत नाही. खड्ड्याचा काटा असेल तर खाली उतरून सेलभोवती साचलेला गाळ काढा. पाणी ओसरल्यावर सुकलेला गाळ प्लॅटफॉर्मला खालून टेकू देतो, हे वरून दिसत नाही.

लोडसेलच्या पोटात काय चालतं

इथे थोडं थांबायला हवं, कारण इतक्या मोठ्या लोखंडी यंत्राला इतक्याशा ओलीने का फरक पडतो ते कळल्याशिवाय पुढची तपासणी आंधळी होते.

लोडसेल म्हणजे मुळात मिश्र पोलादाचा एक बीम. भार आला की तो किंचित वाकतो, भार गेला की मूळ आकारात येतो. त्यावर विशिष्ट जागी पातळ पत्र्याच्या नागमोडी जाळीचे चार स्ट्रेन गेज चिकटवलेले असतात. धातूची तार ताणली की तिचा विद्युतरोध बदलतो, हे केल्विनने १८५६ मध्येच दाखवलं होतं. पण त्या बदलाचा उपयोग करून चिकटवता येणारा गेज अमेरिकेत १९३८ मध्ये तयार झाला. तो एडवर्ड सिमन्स आणि आर्थर रूज या दोघांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे शोधला, आणि त्या दोघांच्या आद्याक्षरांवरून त्या गेजला एसआर-४ हे नाव पडलं.

पूर्ण भाराला गेजखालचं पोलाद साधारण एक हजारांश एवढं ताणलं किंवा दाबलं जातं. गेज ३५० ओहमचा असेल तर त्याचा रोध त्यामुळे फक्त ०.७ ओहमने बदलतो. एवढासा बदल थेट मोजणं अवघड, म्हणून चार गेज व्हीटस्टन ब्रिजमध्ये, म्हणजे चौकोनी जोडणीत, जोडतात. दोन ताणले जातात, दोन दाबले जातात, आणि ब्रिजच्या मधल्या दोन टोकांत फरकाचा व्होल्टेज मिळतो. १० व्होल्ट दिले की पूर्ण भाराला २० मिलिव्होल्ट. चार गेज एकाच पोलादावर असल्यामुळे तापमानाचा परिणामही बराचसा एकमेकांत कटतो.

आता आपला काटा घ्या. ३० टनी सहा सेल मिळून १८० टनांना २० मिलिव्होल्ट देतात, कारण जंक्शन बॉक्समध्ये (सगळ्या सेलच्या केबल जिथे एकत्र येतात त्या पेटीत) ते समांतर जोडलेले असतात आणि तिथे सरासरी निघते. म्हणजे १० किलोची एक पायरी झाली साधारण १.१ मायक्रोव्होल्टची. भिंतीवरच्या घड्याळातल्या दीड व्होल्टच्या सेलशी तुलना केली तर त्याचा साडेतेरा लाखांवा भाग.

याच हिशेबाने ओलीचा परिणाम काढून बघू. जंक्शन बॉक्सच्या किंवा केबलच्या आत दमट धूळ बसली आणि पुरवठ्याची एक तार व सिग्नलची एक तार यांच्यात १० मेगाओहमची गळती तयार झाली. १० मेगाओहम म्हणजे एरवी कुठलाही इलेक्ट्रिशियन 'एकदम ओके' म्हणेल. पण ३५० ओहमच्या गेजला ती समांतर पडली की त्याचा रोध ०.०१२ ओहमने घटतो, आणि त्या एका सेलच्या ब्रिजवर साधारण ८७ मायक्रोव्होल्टचा खोटा सिग्नल उभा राहतो. एका सेलच्या भाषेत (३० टनांना २० मिलिव्होल्ट) ते १३० किलो. १०० मेगाओहमची गळती असली तरी १३ किलो, म्हणजे एक पायरी गेलीच. ऊन पडून ओल वाळली की गळती थांबते आणि काटा 'आपोआप' बरा होतो.

सेल नुसता बदलल्यावर आठवडाभर बरं वाटतं, त्याचं कारणही यातच आहे. सेल बदलताना बॉक्स उघडला जातो, वारा लागतो, टर्मिनल पुसली जातात, तेवढ्याने ओल तात्पुरती जाते. श्रेय नव्या सेलला मिळतं.

आकडा कधी सरकतो, ते वहीत उतरवा

काटा उघडण्याआधी दोन-तीन दिवसांची नोंद करा: वेळ, हवामान, रिकाम्या प्लॅटफॉर्मचा आकडा. त्यासाठी इंडिकेटरमधलं ऑटो झिरो ट्रॅकिंग बंद असायला हवं, नाहीतर हळूहळू सरकणारा झिरो ते गुपचूप गिळून टाकतं आणि वहीत सगळीकडे शून्यच दिसतो. ही सेटिंग सीलच्या आत असेल तर सील तोडू नका. सर्व्हिस मेनूत कच्चे काउंट (किलोत न बदललेला आतला आकडा) दिसत असतील तर ते लिहा, त्यांच्यावर झिरो बटणाचा परिणाम होत नाही.

पावसानंतर काही तासांनी सरकायला लागून उन्हाने हळूहळू परत येत असेल, तर ओल. रोज दुपारीच सरकत असेल आणि पावसाशी काही संबंध दिसत नसेल, तर प्लॅटफॉर्मची लांबी तपासा. पोलाद तापून लांबतं. १८ मीटरचा प्लॅटफॉर्म सकाळपेक्षा दुपारी २० अंशांनी जास्त तापला तर तो सव्वाचार मिलिमीटरच्या आसपास वाढतो. दोन्ही टोकांच्या बंपर बोल्टची (प्लॅटफॉर्मची हालचाल अडवणाऱ्या बोल्टची) फट जेमतेम एखाद्या मिलिमीटरची ठेवलेली असेल, तर दुपारी प्लॅटफॉर्म भिंतीला जाऊन भिडतो. ही फट सकाळच्या गारव्यात 'जरा घट्ट' करून ठेवणारे हात बरेच आहेत.

आकडा सरकत नाही पण सारखा नाचतो, दोन-तीन पायऱ्या वरखाली होतो, अशी तक्रार असेल तर सैल स्क्रू, तुटलेली शील्ड (केबलमधल्या तारांभोवतीची धातूची वीण) किंवा आर्थिंग बघा. शील्ड एकाच टोकाला, इंडिकेटरच्या बाजूला आर्थ केलेली असावी. दोन्ही टोकांना केली की तिच्यातूनच प्रवाह वाहायला लागतो. आणि आकडा एकदाच, एका झटक्यात शेकडो किलोंनी उडाला आणि तिथेच थांबला, तर ओव्हरलोड, आकाशातली वीज किंवा वेल्डिंग. ती वेगळी गोष्ट, खाली येते.

इंडिकेटर निर्दोष आहे का?

हे तपासायला सिम्युलेटर (सेलसारखा सिग्नल देणारं उपकरण) हवाच असं नाही. ३३० किंवा ३५० ओहमचे दोन रेझिस्टर एकापुढे एक जोडा. टोकं पुरवठ्याच्या प्लस आणि मायनसला लावा, आणि मधल्या जोडावरून दोन तारा काढून सिग्नलच्या प्लस व मायनस दोन्हीला द्या. सहा तारांची जोडणी असेल तर सेन्सच्या (पुरवठ्याचा व्होल्टेज मोजणाऱ्या) दोन जादा तारा पुरवठ्याला जोडून घ्या. आता इंडिकेटरला जाणारा सिग्नल पक्का शून्य आहे. प्लॅटफॉर्मचं स्वतःचं वजन गायब झाल्यामुळे डिस्प्ले अंडरलोड किंवा मोठा वजा आकडा दाखवेल, त्याने घाबरू नका. कच्चे काउंट बघा. ते तासभर स्थिर राहिले तर इंडिकेटर सुटला, दोष बाहेर आहे. काउंट सरकत असतील तर आधी इंडिकेटर दुरुस्तीला पाठवा, खड्ड्यात उतरूच नका.

याच युक्तीचा दुसरा फायदा आहे. हेच दोन रेझिस्टर जंक्शन बॉक्समध्ये, मुख्य केबलच्या त्या टोकाला लावले तर मधली लांब केबलही तपासून होते. ऑफिसमध्ये स्थिर आणि बॉक्सजवळ लावल्यावर अस्थिर, म्हणजे दोष त्या केबलमध्ये. केबल कुठे जोडलेली आहे का ते शोधा. इन्सुलेशन टेप गुंडाळून खड्ड्यात सोडलेला जोड सापडला तर पुढचा शोध थांबवायला हरकत नाही. तो जोड पाणी पितो, आणि शील्डच्या विणीतून पाणी वातीसारखं चढत पुढे जातं. जोड काढून सलग केबल टाका. उंदरांनी कुरतडलेली केबल असेल तर जीआय पाइपातून न्या, आणि पाइपाची दोन्ही तोंडं पुट्टीने बंद करा.

जंक्शन बॉक्स

माझ्या मते पावसाळी झिरोच्या तक्रारीत पहिला संशयित हाच. काही ठिकाणी तो खड्ड्याच्या तळाशी लावलेला असतो, जिथे पाऊस पडला की पाणी आधी जमणार. झाकणाचं रबर सुकलेलं, चारपैकी दोनच स्क्रू, न वापरलेल्या ग्लँडचं (केबल आत घ्यायच्या घट्ट तोंडाचं) भोक उघडं, आत मुंग्या आणि पालीची अंडी. कारखान्याच्या काट्यावर याला हंगामाचीही साथ मिळते. जूनपासून सप्टेंबरपर्यंत कोणी झाकण उघडून बघत नाही, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये उसाच्या गाड्यांची रांग लागली की चार महिन्यांची ओल एकदम आठवते. रांगेतल्या शेतकऱ्याला यातलं मेगाओहम वगैरे काही दिसत नाही, त्याला रिकाम्या काट्यावर ६० किलो दिसतात आणि काटा मारल्याचा संशय येतो. त्याचं काय चुकलं?

बॉक्स उघडा, पुरवठा बंद करून. टर्मिनलवर हिरवट पूड दिसली तर तांब्याला गंज चढलेला आहे, तारेची टोकं कापून नवी काढा. कापायची ती मुख्य केबलची टोकं. सेलच्या चार तारी केबलला मात्र विनाकारण आखूड करू नका, कारण त्या केबलच्या लांबीसह सेलचं कॅलिब्रेशन आणि तापमानाची भरपाई केलेली असते. सर्किट बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने धुवा, हेअर ड्रायरच्या मंद हवेने वाळवा. हीट गन नको. गंज काढायचा तेलकट स्प्रे तर अजिबात नको, त्यावर धूळ चिकटते आणि पुढच्या वर्षी तीच ओल धरते.

कोपरे जुळवायचे, म्हणजे भार कुठल्याही कोपऱ्यावर असला तरी आकडा तोच यावा यासाठीचे, छोटे पोटेन्शिओमीटर याच बोर्डावर असतात, तेही दमटपणाने खराब होतात. त्यांना स्क्रूड्रायव्हर लावू नका. एक जरी फिरला तर झिरोचा प्रश्न बाजूला राहील आणि कोपऱ्यांचा नवा प्रश्न उभा राहील.

बॉक्स परत लावताना तो खड्ड्यातून वर काढा. ग्लँडची तोंडं खालच्या बाजूला असू देत. प्रत्येक केबलला बॉक्समध्ये शिरण्याआधी खाली झोळ द्या, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी टपकेल. रिकाम्या ग्लँडला बूच मारा. सिलिका जेलची नवी पुडी ठेवा आणि झाकणाचे सगळे स्क्रू लावा. सगळे.

आता सेल, एकेक करून

वरचं सगळं करूनही झिरो सरकत असेल तर सेलकडे वळायचं. बॉक्समध्ये एका सेलच्या चारही तारा सोडा आणि काउंट बघा. सरासरी आता पाचच सेलची होते, म्हणून आकडा उडी मारेल. त्या उडीकडे लक्ष देऊ नका, तो स्थिर राहतो का एवढंच बघा. स्थिर झाला तर दोषी तो सेल, त्याची केबल किंवा त्याचं टर्मिनल. त्याच्या तारा दुसऱ्या सेलच्या टर्मिनलवर नेऊन लावा. दोष तारांबरोबर गेला तर सेल किंवा त्याची केबल, दोष जुन्याच जागी राहिला तर बोर्ड.

गळती मोजायची तर सेल बॉक्समधून पूर्ण सुटा करा, त्याच्या चारही तारा एकत्र पिळा, आणि त्या तारा व सेलची बॉडी यांच्यात रोध मोजा, मग तारा व शील्ड यांच्यात. चांगल्या सेलला हा रोध ५००० मेगाओहम किंवा जास्त असतो. साध्या मल्टिमीटरची धाव साधारण २० ते ४० मेगाओहमपर्यंत. त्यावर कोणताही आकडा दिसला तर सेल गेला समजा. आकडा दिसला नाही म्हणून मात्र सेल निर्दोष ठरत नाही. इन्सुलेशन टेस्टर ५० व्होल्टच्या रेंजचा वापरा. इलेक्ट्रिशियनचा ५०० किंवा १००० व्होल्टचा मेगर सेलला लावला तर गेजखालचा पातळ थर फुटू शकतो, आणि तो इंडिकेटर जोडलेला असताना लावला तर इंडिकेटरही जातो.

प्रत्येक सेलचा मिलिव्होल्टही बघण्यासारखा असतो, पण सिग्नलच्या तारा सुट्या करून. समांतर जोडलेल्या अवस्थेत सगळ्यांवर एकच सरासरी दिसते. समजा रिकाम्या प्लॅटफॉर्मचं वजन १२ टन आहे, तो दोन तुकड्यांचा आहे आणि मधले दोन सेल दोन्ही तुकड्यांची टोकं पेलतात. मग चार कोपऱ्यांवर दीड-दीड टन, म्हणजे साधारण १ मिलिव्होल्ट, आणि मधल्यांवर तीन-तीन टन, म्हणजे २ मिलिव्होल्ट दिसायला हवेत. मधल्याचा आकडा कोपऱ्याच्या दुप्पट दिसला म्हणून त्याला दोष देऊ नका. कोपऱ्याची तुलना कोपऱ्याशीच करा. एखादा सेल वेगळाच दिसला तर जॅकने प्लॅटफॉर्म उचलून त्याचा भार पूर्ण काढा. मोकळा सेल शून्याच्या आसपास, फार तर ०.२ मिलिव्होल्टच्या आत असतो. मोकळा असूनही १ मिलिव्होल्ट किंवा जास्त दाखवत असेल तर त्याचं पोलाद कायमचं वाकलंय. हा ओव्हरलोडचा किंवा जोरात ब्रेक मारणाऱ्या डंपरचा प्रताप.

वेल्डिंगने आणि विजेनेही सेल जातात. प्लॅटफॉर्मवर वेल्डिंग करायचं असेल तर आर्थिंगचा क्लॅम्प वेल्डिंगच्या अगदी जवळ लावा आणि सेलच्या केबल बॉक्समधून काढून ठेवा. प्रत्येक सेलला बगल देणारी तांब्याची विणलेली पट्टी प्लॅटफॉर्म आणि पायाच्या प्लेटमध्ये असायलाच हवी. वेल्डिंगचा प्रवाह नाहीतर सेलमधून जातो.

तोपर्यंत वजनं करायची का?

नुसता झिरो सरकत असेल आणि प्रत्येक वाहन चढण्याआधी काटा रिकामा करून झिरो घेतला जात असेल, तर एका वजनापुरती चूक फारशी राहत नाही, कारण सरकलेला भाग झिरोतच वजा होतो. पण सकाळी भरलेली गाडी तोलली, दुपारी रिकामी, आणि मध्ये कोणी झिरो बघितलाच नाही, तर सरकलेले ८० किलो कोणाच्या तरी पदरात पडतात. झिरो बटणाची मर्यादा क्षमतेच्या ४ टक्के असते, म्हणजे ६० टनी काट्यावर २.४ टन. एवढी मोठी गडबड ते बटण झाकू शकतं. बटण दाबण्यावर बंदी नको, पण प्रत्येक वेळी दाबण्याआधीचा आकडा वहीत गेला पाहिजे.

भरलेली ट्रॉली पुढे, मध्ये आणि मागे उभी करून तीन वेळा तोला. तिन्ही आकडे जुळत नसतील तर तो कोपऱ्यांचा दोष आहे, तो झिरोने भरून निघत नाही. त्या काट्यावर खरेदी-विक्रीचं वजन त्याच दिवशी बंद करा.

सेल बदलायचाच झाला तर

क्षमता, मिलिव्होल्ट प्रति व्होल्ट आणि रोध, तिन्ही जुन्या सेलसारखे घ्या. रोधाकडे दुर्लक्ष होतं. ७०० ओहमच्या पाच सेलमध्ये ३५० ओहमचा एक बसवला तर समांतर जोडणीत त्याचं म्हणणं इतरांच्या दुप्पट मोजलं जातं, आणि तो कोपरा कितीही जुळवला तरी जुळत नाही. तारांचे रंग कंपनीगणिक बदलतात, म्हणून जुन्या रंगांवर विसंबू नका, नव्या सेलसोबतचा कागद बघा.

सेल बदलल्यावर कोपरे जुळवणं आणि कॅलिब्रेशन आलंच, आणि त्यासाठी सील तुटतं. वैध मापन शास्त्र अधिनियम, २००९ प्रमाणे हे काम परवानाधारक दुरुस्ती करणाऱ्याकडूनच करून घ्यावं लागतं, आणि काटा पुन्हा वापरात आणण्याआधी निरीक्षकाकडून फेरपडताळणी करून नवं सील घ्यावं लागतं. वार्षिक पडताळणीला अजून सहा महिने आहेत, हे कारण चालत नाही. १० किलोच्या पायरीच्या, अचूकतेच्या तिसऱ्या वर्गातल्या काट्याला पडताळणीच्या वेळी ५ टनांपर्यंत ५ किलो, २० टनांपर्यंत १० किलो आणि त्यापुढे १५ किलो एवढीच चूक चालते. निरीक्षक येण्याआधी टेस्ट वेट घेऊन हे तिन्ही टप्पे स्वतः तपासून घ्या, आणि शक्य असेल तर पावसाच्या दुसऱ्या दिवशी तपासा.